माणूस चांगला आहे, पण

मोगऱ्याच्या कळ्या उमलायच्या आत ओवून झाल्या पाहिजेत, म्हणून वसईत गजरे करणाऱ्या बायकांचे हात थांबत नाहीत, आणि हात थांबत नाहीत म्हणून तोंडही थांबत नाही. त्या दिवशी आमच्या ओटीवर आम्ही चौघी होतो. मी, माझी जाऊ आणि शेजारच्या दोघी. मधे ओल्या फडक्यावर कळ्यांचा ढीग होता. बोलता बोलता गावातल्या पतपेढीच्या निवडणुकीचा विषय निघाला, एका गृहस्थांचे नाव पुढे आले, आणि दोऱ्याला गाठ मारता मारता मी म्हणाले, "माणूस चांगला आहे, मनमिळाऊ आहे, कुणाच्याही मदतीला धावतो. पण पैशाच्या बाबतीत जरा..." मी वाक्य पुरे केले नाही. तिघींचेही हात क्षणभर थांबले, आणि मग मला पुढचे सांगावेच लागले. खरे तर सांगावे लागले असे म्हणणे हीसुद्धा माझी सोय आहे. मला सांगायचेच होते.

मी जे सांगितले ते अक्षरशः खरे होते. दोन वर्षांपूर्वी देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, सणाची वर्गणी त्या गृहस्थांकडे जमा होत होती. हिशेबाची वही स्वच्छ अक्षरात उतरवून देण्यासाठी फादरांनी मला बोलावले, कारण मी शाळेत मराठी शिकवत असे आणि माझे अक्षर चांगले आहे अशी गावात ख्याती होती. त्या वहीत १८,००० रुपयांचा मेळ लागेना. मी विचारण्यापूर्वीच फादरांनी सांगितले की बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी त्यांनी ती रक्कम वापरली होती, सहा आठवड्यांत आणून भरली होती, आणि कुणी विचारले नसताना स्वतः येऊन कबूल केले होते. विषय तिथेच मिटला. तो दोघांनाच ठाऊक होता, एक फादर आणि दुसरी मी. आणि दोन वर्षांनी तो आमच्या ओटीवर चौघींचा झाला. ऑपरेशनची गोष्ट मी सांगितली होती का, हे मला आज नक्की आठवत नाही, आणि जे आठवत नाही ते सांगितले नसावे असे माझे मन मला सांगते.

त्या रात्री मला झोप चांगली लागली. मनाला टोचणी लागायला फार दिवस जावे लागले, कारण माझ्यापाशी एक भक्कम उत्तर होते: मी खोटे थोडेच बोलले? लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेल्या बायबलमधल्या दहा आज्ञांतली ती आज्ञा तर खोट्या साक्षीविषयी होती. "आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको." आमच्या कॅथलिक गणनेत ही आठवी आज्ञा आणि नगरकडच्या प्रॉटेस्टंट मंडळींच्या गणनेत नववी, पण आकडा कोणताही धरला तरी खोटेपणा हा शब्द तिच्यात आहेच, आणि माझ्या बोलण्यात तो नव्हता.

ही आज्ञा मुळात गावगप्पांसाठी नव्हती, न्यायालयासाठी होती. जुन्या इस्राएलमध्ये ना पोलीस तपास ना फारसा कागदोपत्री पुरावा. दोन किंवा तीन साक्षीदारांच्या तोंडच्या शब्दावर माणसाचा जीव जाऊ शकत असे. म्हणूनच बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात असा नियम आहे की साक्ष खोटी ठरली तर आरोपीला जी शिक्षा व्हायची होती तीच साक्षीदाराला द्यावी. तरीही काय होऊ शकते ते राजांच्या पहिल्या पुस्तकात नाबोथाच्या गोष्टीत दिसते. अहाब राजाला त्याच्या वाड्यालगतचा नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता. नाबोथ वाडवडिलांची जमीन द्यायला तयार नव्हता. मग राणी ईजबेलने दोन हलकट माणसे उभी केली, त्यांनी याने देवाला आणि राजाला शिव्याशाप दिले असे पंचांसमोर सांगितले, आणि नाबोथाला नगराबाहेर नेऊन दगडमार करून ठार केले. वसईत जमिनीच्या पायी काय काय घडले आहे ते पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट परकी वाटत नाही. पण ती ऐकताना मी नेहमी नाबोथाच्या बाजूने असायची. आपण त्या दोन साक्षीदारांच्या बाकावर बसलेलो असू शकतो हा विचार कधी शिवला नव्हता.

ख्रिस्ती शिकवणीने ही आज्ञा न्यायालयातून उचलून घरात आणली. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय बराचसा जिभेवर आहे. घोड्याच्या तोंडातला लगाम, एवढ्या मोठ्या तारवाचे ते एवढेसे सुकाणू, आणि रानच्या रान पेटवणारी ठिणगी असे तीन दाखले लागोपाठ देऊन तो म्हणतो की सगळे पशुपक्षी माणसाने माणसाळवले, जीभ मात्र कुणाला माणसाळवता आली नाही. त्यानंतरचे वाक्य मला सर्वांत झोंबते: याच जिभेने आपण देवाचा धन्यवाद करतो आणि याच जिभेने देवाच्या प्रतिरूपात घडलेल्या माणसाला शाप देतो. मिस्सा, म्हणजे देवळातली उपासना, संपल्यावर देवळाच्या दारापासून सायकलच्या स्टँडपर्यंतच्या अंतरात आम्ही जे बोलतो ते ऐकून याकोबाने हे लिहिले असावे अशी मला कधी कधी शंका येते.

येशूचे कुसळ आणि मुसळ तर मराठी माणसाला बायबल न उघडताही पाठ असते. मूळ ग्रीकमध्ये मुसळ नाही, तिथे घराला घालायची तुळई आहे. सुताराच्या घरात वाढलेल्या माणसाला ती सुचणे स्वाभाविक आहे. मराठी अनुवादात मात्र ती तुळई स्वयंपाकघरात आली आणि तिचे मुसळ झाले, आणि माझ्या मते हा बदल फार भाग्याचा आहे. तुळई डोळ्यात असल्याचा दाखला ऐकून हसू येते. मुसळ मात्र आजीच्या हातात रोज पाहिलेले असते, त्याचा घाव उखळात पडताना ऐकलेला असतो, त्यामुळे ते डोळ्यात असण्याची कल्पना नुसती हास्यास्पद राहत नाही.

तरीही या सगळ्यातून "मी खरेच बोलले होते" या माझ्या उत्तराला धक्का लागत नव्हता. तो लागला धर्मग्रामात, म्हणजे आमच्या पॅरिशमध्ये, प्रौढांसाठी चालवलेल्या एका शिबिरात, १९९२ सालच्या कॅथलिक श्रद्धाग्रंथातल्या, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या अधिकृत पुस्तकातल्या, आठव्या आज्ञेवरच्या पानांवर. तिथे शेजाऱ्याच्या नावाविरुद्ध घडणाऱ्या तीन अपराधांत फरक केला आहे. पुरेसा आधार नसताना मनातल्या मनातही दुसऱ्याचा दोष खरा मानणे हा पहिला. खोटे बोलून त्याचे नाव बिघडवणे हा तिसरा. आणि या दोघांच्या मधे, सबळ कारण नसताना दुसऱ्याचा दोष किंवा उणेपणा, जो खरा आहे, तो ज्यांना ठाऊक नव्हता त्यांच्यासमोर उघड करणे. वाचताना मला वाटले, हे वाक्य लिहिणारा त्या दिवशी आमच्या ओटीवर बसला होता. मराठीत निंदा, चहाडी, चुगली, कुचाळकी, नालस्ती, कंडी पिकवणे, कान भरणे असे कितीतरी शब्द आहेत, पण या मधल्या अपराधासाठी नेमका एक शब्द मला सापडला नाही. खरे सांगून एखाद्याला उघडे पाडणे, एवढेच म्हणता येते, आणि 'खरे सांगणे' हे शब्द त्यात आले की बोलणाऱ्याची बाजू आपोआप जड होते.

तेराव्या शतकात कॅथलिक धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस यांनी या विषयाला एखाद्या सराफाच्या काट्यावर घातले आहे. मागून निंदा करणे हे चोरीपेक्षा मोठे पाप की लहान, असा प्रश्न ते विचारतात आणि मोठे असे उत्तर देतात, कारण चांगले नाव हे संपत्तीपेक्षा मोलाचे आहे. खून आणि व्यभिचार यांच्या मात्र ते खाली येते. पुढे ते म्हणतात, दोन मित्रांत फूट पाडण्यासाठी इकडचे तिकडे लावणारा चहाडखोर हा निंदकाहूनही वाईट, कारण माणसाला मानापेक्षा मित्र अधिक मोलाचा. ऐकून घेणाऱ्यालाही ते सोडत नाहीत. ज्याला थांबवता आले असते आणि जो गप्प बसून ऐकतो तो त्या पापात वाटेकरी होतो. त्या दिवशी ओटीवर आम्ही चौघी होतो. हिशेब करायला गेले तर बाकीच्या तिघींनाही मीच त्यात ओढले होते.

मागे वळून पाहताना मला माझ्या वाक्याचा पूर्वार्ध अधिक छळतो. माणूस चांगला आहे, मनमिळाऊ आहे, मदतीला धावतो. हे मी का म्हणाले? मला तेव्हा वाटत होते की मी न्यायाने बोलते आहे, दोन्ही बाजू मांडते आहे. जिनिव्हाचे बिशप संत फ्रान्सिस द सेल्स यांनी १६०९ साली संसारी माणसांसाठी भक्तिजीवनावर एक पुस्तक लिहिले, त्यात या पूर्वार्धाचा समाचार घेतलेला आहे. ते म्हणतात की आधी स्तुती करून मग निंदा करणारे हे सर्वांत घातकी, कारण धनुर्धर बाण आपल्याकडे ओढून घेतो तो आपल्यापाशी ठेवण्यासाठी नव्हे. जितका जवळ ओढावा तितका तो जोराने सुटतो. चांगला, मनमिळाऊ, मदतीला धावणारा, ही माझी तीन विशेषणे म्हणजे तीन वेळा ओढलेली दोरी होती, आणि बाण 'पण' या शब्दावर सुटला. मी तीसएक वर्षे मराठी शिकवले, उभयान्वयी अव्यये मुलांकडून घोटून घेतली, पण न्यूनत्वबोधक 'पण' काय करू शकतो हे मला व्याकरणाने कधी शिकवले नाही. (याच सेल्सना १९२३ मध्ये पोपनी पत्रकारांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. बातम्यांच्या वाहिन्या पाहताना त्यांना किती काम पडत असेल याचा विचार माझ्या मनात येतो.)

उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचे बिशप संत ऑगस्टिन यांच्या जेवणाच्या मेजावर दोन ओळींचा श्लोक लिहिलेला होता असे त्यांचा शिष्य पोसिडियस याने त्यांच्या चरित्रात लिहून ठेवले आहे. त्याचा आशय असा की जवळ नसलेल्यांचे आयुष्य शब्दांनी कुरतडायची ज्याला हौस आहे त्याने हे मेज आपल्यासाठी नाही असे समजावे. लॅटिनमध्ये क्रियापद उंदराचेच आहे, कुरतडणे. एकदा काही बिशपच, म्हणजे ऑगस्टिन यांचे बरोबरीचे स्नेही, या श्लोकाचा विसर पडून बोलू लागले, तेव्हा ऑगस्टिन यांनी सुनावले की एकतर हा श्लोक इथून पुसून टाकावा लागेल, नाहीतर मी अर्ध्या जेवणावरून उठून आत जाईन. याच ऑगस्टिन यांनी आपल्या आईविषयी, मोनिकाविषयी, लिहिलेले मला अधिक जवळचे वाटते. भांडलेल्या दोन बायका आपापले कडू बोलणे तिच्यापाशी येऊन ओकत, आणि ती त्यांतले फक्त तेवढेच दुसरीला सांगे जेवढ्याने त्यांचा समेट व्हायला मदत होईल. ऑगस्टिन म्हणतात, हा गुण मला लहान वाटला असता, पण असंख्य माणसे रागावलेल्याचे बोलणे रागावलेल्याला नेऊन सांगतात आणि वर न बोललेलेही त्यात घालतात, हे मी पाहिले आहे. मोनिका खोटे बोलत नव्हती. ती निवड करत होती. आमच्या वाडीत सासवासुनांच्या मधे राहून अशी निवड करणाऱ्या एक-दोन बायका मी पाहिल्या आहेत. त्या हयात असेतो त्यांना कुणी विशेष मानल्याचे मला आठवत नाही.

इजिप्तच्या वाळवंटात चौथ्या शतकात राहणारे मठवासी मोशे हे मूळचे दरोडेखोर होते. एका बांधवाच्या हातून चूक घडली म्हणून सर्वांनी बैठक बोलावली, मोशे येईनात. पुन्हा निरोप गेला तेव्हा ते उठले, एक गळका घडा पाण्याने भरून पाठीवर घेतला आणि निघाले. मागे पाण्याची धार लागलेली. हे काय, असे विचारल्यावर म्हणाले, माझी पापे माझ्या मागे गळत चालली आहेत आणि मला ती दिसत नाहीत, आणि मी आज दुसऱ्याचा न्याय करायला आलो आहे. बैठक तिथेच संपली आणि त्या बांधवाला क्षमा केली गेली. ही गोष्ट ईस्टरआधीच्या उपवासकाळात आमच्याकडे प्रवचनात हमखास येते. सगळे माना डोलावतात, आणि या गोष्टीने कुणाला काय बोध घ्यायला हवा होता याची चर्चा बाहेर पडताना करतात.

कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट या बाबतीत वेगळे बोलतात असेही नाही. प्रॉटेस्टंट पंथाचे प्रवर्तक मार्टिन ल्यूथर १५२९ साली मुलांसाठी आणि घरांसाठी लिहिलेल्या छोट्या प्रश्नोत्तरीत या आज्ञेचा अर्थ सांगताना केवळ निंदा करू नये एवढ्यावर थांबले नाहीत. शेजाऱ्याची बाजू घ्यावी, त्याच्याविषयी चांगले बोलावे आणि प्रत्येक गोष्टीचा होता होईल तो चांगला अर्थ लावावा असे त्यांनी लिहिले. त्यानंतर वीस वर्षांच्या आत, १५४८ मध्ये, दुसऱ्या, म्हणजे कॅथलिक, गोटातल्या इग्नेशियस लोयोला यांच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात सुरुवातीलाच जवळपास तेच सांगितले गेले: दुसऱ्याच्या म्हणण्याला दोष लावण्यापेक्षा ते सावरून घ्यायला अधिक तत्पर असावे, सावरता येत नसेल तर तुला काय म्हणायचे आहे असे त्यालाच विचारावे, आणि तो चुकत असेल तर प्रेमाने दुरुस्त करावे. दोघांचे इतके एकमत असूनही त्यांच्या दोन्ही गोटांनी त्या शतकात एकमेकांविषयी जे लिहिले ते वाचवत नाही. स्वतः ल्यूथर यांनी १५४३ मध्ये यहुद्यांविषयी जे लिहिले ते तर त्यांच्याच प्रश्नोत्तरीच्या तोंडावर मारलेली चपराक आहे. शिकवण माहीत असणे आणि जीभ तिच्या हाती असणे यांत किती अंतर असते हे दाखवायला माझ्या ओटीपेक्षा मोठी उदाहरणे आहेत, एवढाच काय तो दिलासा.

चांगले बोलण्याच्या या शिकवणीचा गैरवापर होतो आणि तो फार मोठा होतो, हे मला इथेच सांगितले पाहिजे. घरात मार खाणाऱ्या सुनेला "नवऱ्याविषयी बाहेर बोलू नये" असे सांगणारी तोंडे धर्माचाच आधार घेतात. लहान मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंच्या बाबतीत जगभर वर्षानुवर्षे हेच झाले: नाव जपायचे म्हणून गप्प बसा, बोलणे म्हणजे निंदा. ज्यांची नावे जपली गेली ती मोठ्यांची होती, आणि ज्यांचे आयुष्य कुरतडले गेले ती मुले होती. शिकवणीत मात्र याला मुळीच आधार नाही. श्रद्धाग्रंथातल्या त्या वाक्यात 'सबळ कारण नसताना' हे शब्द आहेत, आणि एखाद्याला इजा होण्यापासून वाचवणे याहून सबळ कारण कोणते? फ्रान्सिस द सेल्सही निंदेवरच्या त्याच प्रकरणात बजावतात की निंदा टाळण्याच्या नावाखाली दुर्गुणाला सद्गुण म्हणू नका, आणि कळपात लांडगा शिरला तर लांडगा आला असे ओरडणे हीच दया आहे. २०१९ च्या मे महिन्यात पोप फ्रान्सिस यांनी अशा अत्याचारांची माहिती वरिष्ठांना कळवणे हे धर्मगुरू आणि व्रतस्थांवर चर्चच्या कायद्याने बंधनकारक केले. फार उशिरा झाले, पण झाले. बोलायचे की नाही याची परीक्षा मला तरी इतकीच कळते: हे ऐकून कुणाचा बचाव होणार आहे का, आणि जो काही करू शकतो त्याच्यापाशीच मी हे बोलते आहे का? आमच्या ओटीवर कुणाचा बचाव होणार नव्हता. पतपेढीचीच मला एवढी काळजी असती, तर मी फादरांकडे गेले असते, किंवा थेट त्या गृहस्थांकडे.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात येशूने तोच क्रम घालून दिला आहे. तुझ्या भावाने अपराध केला तर आधी एकट्याने जाऊन त्याला सांग. ऐकले नाही तर आणखी एक-दोघांना बरोबर घे. तरीही ऐकले नाही तर मंडळीला सांग. आम्ही हाच क्रम पाळतो, फक्त उलट्या बाजूने. मंडळीला आधी कळते, मग एक-दोघांना खात्री करून घेण्यासाठी विचारले जाते, आणि त्या माणसाला सर्वांत शेवटी कळते, किंवा कळतच नाही. ६ सप्टेंबर २०२० रोजी, जग टाळेबंदीतून डोके वर काढत असताना, याच उताऱ्यावर बोलताना पोप फ्रान्सिस म्हणाले होते की कुचाळकी ही कोविडपेक्षा वाईट साथ आहे. त्या आठवड्यात आमच्या धर्मग्रामाच्या व्हॉट्सॲप गटावर ते वाक्य फुलांच्या चित्रासह सर्वांनी सर्वांना पाठवले.

त्या गृहस्थांना काही कळले नाही. पतपेढीसाठी त्यांचे नाव मागे पडले, ते कुणी मागे घेतले हे कुणालाच सांगता आले नसते. पुढच्या सणाला वर्गणी दुसऱ्याकडे गेली. लग्नात आहेराची वही लिहायला बसवायचे तर "त्यांना कशाला त्रास" असे म्हणून दुसऱ्या कुणाला बसवले जाऊ लागले. त्यांनी कधी कुणाला विचारल्याचे ऐकिवात नाही. नेहमीसारखे नमस्कार करत, हसत. एका रविवारी त्यांनी मला विचारले, "बाई, हल्ली वही कोण लिहितं?" त्या प्रश्नात काहीच नव्हते, पण मी काय उत्तर दिले ते मला आठवत नाही.

त्या वर्षी पवित्र आठवड्यात मी पापनिवेदनाला गेले. आमच्या गावचे नव्हे, पाहुणे म्हणून आलेले वयस्कर फादर होते. मी सगळे सांगितले. त्यांनी एकच विचारले, "खोटं होतं का?" मी म्हणाले, "नाही फादर, खरं होतं," आणि मला वाटते माझ्या आवाजात थोडी आशा असावी. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग अवघड आहे. खोटं असतं तर परत घेता आलं असतं."

याचा अर्थ मला घरी आल्यावर उलगडत गेला. पैसे चोरले तर पैसे परत करायचे, तसे नाव चोरले तर नाव परत करायचे, पश्चात्ताप वाटून भागत नाही. खोटे बोलणारा जाऊन सांगू शकतो की मी खोटे बोललो. खरे बोलणाऱ्याने काय सांगायचे? ते खोटे होते असे म्हटले तर तेही खोटेच. अक्वायनस यांनी हा पेच सोडवताना म्हटले आहे की अशा माणसाने असत्य न बोलता जमेल तेवढे नाव परत करावे. मी बोललो ते वाईट केले, मी त्याच्यावर अन्याय केला, एवढे तर तो म्हणू शकतो, आणि तेही जमत नसेल तर दुसऱ्या वाटेने भरपाई करावी. फादरांनी मला ती दुसरी वाट सांगितली होती. त्या तिघींपैकी प्रत्येकीपाशी, ओघात, मुद्दाम काही न वाटेल अशा रीतीने, त्या गृहस्थांविषयी तीन चांगल्या आणि खऱ्या गोष्टी सांगायच्या. जुना विषय काढायचा नाही. आणि 'पण' म्हणायचे नाही.

मी रात्री वही घेऊन बसले आणि मला तीन गोष्टी सुचेनात. चांगला, मनमिळाऊ, मदतीला धावतो. पण ही विशेषणे होती, गोष्टी नव्हत्या, आणि ती मी आधीच वापरून खराब केली होती. ज्या माणसाला मी तीस वर्षे ओळखत होते त्याचा एक दोष मला रकमेसह, महिन्यासह, वहीच्या पानासह पाठ होता, आणि त्याच्या चांगुलपणाचा एकही प्रसंग मला तारखेसह सांगता येत नव्हता. मला स्वतःची जी लाज वाटली ती ओटीवरच्या बोलण्याची नव्हती एवढी या रिकाम्या पानाची होती.

मग मी त्यांना पाहू लागले. गावात मयत झाली की फादरांच्याही आधी ते तिथे असतात, आणि शवपेटी उचलताना नेहमी पायाकडच्या बाजूला, जिथे दिसत नाही तिथे उभे राहतात. सर्वांत जुनी उपवासकाळातली गाणी त्यांना पुस्तकाशिवाय येतात, आणि दुसरा कुणी चुकला तर ते आपला आवाज वर न नेता खाली आणतात, म्हणजे चुकणाऱ्याला शब्द ऐकू यावेत. पायाने अधू असलेल्या एका मुलाची सायकल ते रोज संध्याकाळी स्वतःच्या पडवीत आत घेऊन ठेवतात, भिजू नये म्हणून. या तीन गोष्टी मिळायला मला जवळजवळ एक पावसाळा लागला. जावेला मी सायकलची सांगितली, ती म्हणाली, "हो का? मला माहीत नव्हतं," आणि कळ्या ओवत राहिली. शेजारच्या एकीला गाण्यांची सांगितली, तिने ऐकून घेतली. तिसरी म्हणाली, "काय बाई, आज त्यांचीच आरती?" आणि हसली. तिन्ही गोष्टी तिघींनाही सांगून झाल्या, पण ओटीवरचे ते पहिले वाक्य जसे वाऱ्यासारखे गेले तसे यांतले एकही कुठे गेले नाही. सायकलची गोष्ट कुणी कुणाला सांगितल्याचे माझ्या कानावर आले नाही.

त्यानंतर चारेक वर्षांनी मी विरार लोकलने दादरला चालले होते. नायगावच्या पुढे समोर बसलेल्या बाईंशी ओळख निघाली. त्या शेजारच्या धर्मग्रामातल्या, माहेर आमच्याच बाजूचे. भाजी निवडता निवडता त्यांनी आमच्या गावातल्या कुणाकुणाची चौकशी केली आणि मग त्या गृहस्थांच्या नावावर येऊन आवाज खाली आणला. माणूस तसा चांगला, म्हणाल्या, पण देवळाचे दीड लाख रुपये घेतले होते म्हणे. मुलाला मोटारसायकल घेऊन दिली. फादरांनी दाबून टाकले. मी म्हणाले, तसे नव्हते, रक्कम लहान होती, बायकोच्या ऑपरेशनसाठी घेतली होती आणि सहा आठवड्यांत त्यांनी स्वतः परत भरली होती. त्यांनी मेथीची जुडी मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे फार मायेने पाहिले.

"तुम्ही भोळ्या आहात, बाई," त्या म्हणाल्या. "मला अगदी आतल्या माणसाकडून कळलंय."